मधे एक कागद हवा: कोल्हापुरात मराठी-कन्नड अभ्यासकांची चर्चा कशी भरवावी

निपाणी कोल्हापूरपासून साधारण 40 किलोमीटरवर आहे, बेळगाव 110च्या आसपास. 1956पर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातच होते. तरी आज कोल्हापूरचा अभ्यासक आणि धारवाडचा अभ्यासक समोरासमोर येतात ते बहुतेक वेळा उद्घाटनाच्या व्यासपीठावर. तिथे स्नेहाची भाषणं होतात, शाल-श्रीफळ दिलं जातं, आणि ज्यावर बोलायला हवं ते राहून जातं. याउलट कधी सीमाप्रश्नावरून आवाज चढतात आणि पुढची भेटच होत नाही. दोन्ही वेळी उणीव एकच असते. दोघांनी वाचलेला, दोघांच्या हातात असलेला मजकूर मधे नसतो. मग माणसं आपापल्या समाजाचे प्रतिनिधी होऊन बोलतात. मधे कागद ठेवला की तीच माणसं वाचक होऊन बोलू लागतात. या लेखातल्या सगळ्या सूचना त्या एका गोष्टीसाठी आहेत.

आधी कागद, मग विषय

‘महाराष्ट्र-कर्नाटक सांस्कृतिक अनुबंध’ असा विषय ठेवला की बैठक तिथेच फसते. इतक्या रुंद विषयावर प्रत्येकाजवळ तयार भाषण असतं आणि तो तेच करतो. त्याऐवजी दोन ते चार मजकूर निवडा, प्रत्येक एका पानात मावणारा. निम्मे मूळ मराठीतले, निम्मे मूळ कन्नडमधले. दोघांना सारखंच परकं असलेलं एखादं इंग्रजी टिपण मधे ठेवण्याची सोय मोहात पाडते, पण ते टाळा. इंग्रजी टिपणावर चर्चा सुरू झाली की भाषेचा पोत, आदराच्या पातळ्या, गावातले संदर्भ हे सगळं आधीच गाळून आलेलं असतं.

एका बैठकीला एकच शाखा घ्या: साहित्य, इतिहास किंवा चालू प्रश्न. तिन्ही एका दिवसात कोंबल्या तर साहित्यवाले पहिल्या सत्रानंतर उठतात आणि इतिहासवाले जेवणानंतर येतात.

निवड करताना एक कसोटी लावा. या पानावर दोन्ही बाजूंच्या माणसांना किमान एक प्रश्न समोरच्याला विचारावासा वाटेल का? नुसतं कौतुक करण्याजोगं पान निवडलं तर चर्चा दहा मिनिटांत आटोपते.

तयारीला तीन महिने

तीन महिने आधी मजकूर आणि माणसं ठरवा. सहा आठवडे आधी मजकूर भाषांतराला द्या. तीन आठवडे आधी मूळ आणि भाषांतर दोन्ही सगळ्यांच्या हातात पडायला हवं, कारण बाहेरगावचा प्राध्यापक परीक्षा, पेपरतपासणी सांभाळून वाचणार आहे. दहा दिवस आधी दुभाष्याबरोबर एक स्वतंत्र तास बसा. आठवडाभर आधी प्रत्येकाकडून एकेक प्रश्न लेखी मागवा, दोन ओळींपेक्षा मोठा नको. हे प्रश्न हाती आले की चर्चा कुठे जाईल ते बैठक चालवणाऱ्या संचालकाला बऱ्यापैकी दिसतं. पाच जणांनी एकच प्रश्न पाठवला असेल तर सुरुवात तिथूनच करा.

बोलणारी माणसं दहा ते बारा, त्यात दोन्ही भाषांची संख्या जवळपास सारखी. एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला तीन असले की तिघांवर आपोआप खुलासे देण्याची पाळी येते. ऐकणारे तीस-चाळीस असले तरी चालतात. त्यांना शेवटच्या वीस मिनिटांत प्रश्न विचारू द्या. पदांकडे बघून नावं काढू नका. एखादा तालुक्याच्या गावातला शिक्षक, ज्याने आयुष्यभर शिलालेखांचे ठसे घेतले, त्याची जागा त्या टेबलाशीच आहे.

तारीख आणि जागा

जुलै-ऑगस्ट सोडा. पंचगंगा चढली की शिरोलीजवळ महामार्ग बंद पडतो, 2019 आणि 2021 साली तसं झालं. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. दोन्ही वेळी राहायला खोली मिळत नाही. 1 नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव आणि बेळगावच्या मराठी भाषकांचा काळा दिवस असतो, त्या आठवड्यात पाहुण्यांना अवघड प्रसंगात टाकू नका. बेळगावला कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हाही तसंच. तणाव वाढला की दोन्हीकडच्या एसटी गाड्या सीमेवर थांबतात. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत बरा. फक्त 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीचे दोन-तीन दिवस वगळा, शहरात मिरवणुका असतात आणि ध्वनिक्षेपकांमुळे ध्वनिमुद्रण वाया जातं.

धारवाड-बेळगावहून येणाऱ्यांना रस्त्याने येणं सोपं. कोल्हापूरचं स्टेशन मिरजेहून येणाऱ्या फाट्याचं शेवटचं टोक असल्यामुळे रेल्वेने बहुतेक वेळा मिरजेला उतरून पुढची जोडगाडी बघावी लागते. सकाळी 11ला सुरुवात ठेवली तर बेळगावचा माणूस त्याच दिवशी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो. धारवाडच्या माणसाची मात्र राहायची सोय करा.

जागेच्या बाबतीत दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन, 1850 साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर, किंवा शिवाजी विद्यापीठाचा परिसर यांपैकी जिथे गोल किंवा चौकोनी मांडणीत टेबलं लावू देतील ती जागा घ्या. व्यासपीठ आणि समोर खुर्च्यांच्या रांगा असतील तर माणूस उभा राहून भाषणच करतो. एकच टेबल, प्रत्येकासमोर दोन्ही लिपींत नावाची पाटी, आणि मराठी-कन्नड माणसं एकाआड एक बसलेली. दोन बाजूंना दोन भाषा बसवू नका, ती तहाची बैठक वाटते.

भाषांतर दोन थरांत करा

प्रत्येक मजकुराची चार रूपं एका पानावर किंवा समोरासमोरच्या दोन पानांवर छापा: मूळ मजकूर मूळ लिपीत, त्याचंच दुसऱ्या लिपीत लिप्यंतर, ओळीबरहुकूम शब्दशः अर्थ, आणि शेवटी वाचनीय भाषांतर. बरेच जण फक्त शेवटचं रूप देतात. मग चर्चा भाषांतरकाराच्या निवडीवर होते, मूळ कवीवर होत नाही आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शब्दशः अर्थ ओबडधोबड असू दे, तो गुळगुळीत करू नका. कुठे तीन पर्याय शक्य असतील तर तिन्ही तिरप्या रेघेने लिहा.

लिप्यंतराने खूप काम होतं, कारण अनेक कन्नड शब्द ऐकले की मराठी माणसाला ओळखीचे वाटतात. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपं आहेत. देवनागरीत ऱ्हस्वासाठी ऎ आणि ऒ ही अक्षरं युनिकोडमध्ये आहेत, ती वापरा. ळ दोन्ही भाषांत आहे, पण हिंदीच्या सवयीचं सॉफ्टवेअर किंवा टंकलेखक त्याचा ल करून टाकतो. तपासणी करताना सगळ्यांत आधी ळ बघा.

फाइलींचा घोळ हमखास होतो. मराठी मजकूर श्रीलिपी आणि कन्नड मजकूर नुडी अशा युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टांत टाइप केलेला येतो, दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की सगळी विचित्र चिन्हं दिसतात. प्रत्येकाकडून युनिकोड फाइल आणि सोबत पीडीएफ अशा दोन्ही मागा. पीडीएफवरून मूळ कसं दिसायला हवं ते कळतं, युनिकोडवरून दुरुस्ती करता येते. छपाई 14 पॉइंटच्या खाली नको, जोडाक्षरं आणि कन्नड ओत्तक्षरं (खाली जोडून लिहिलेली व्यंजनं) बारीक टाइपात वाचता येत नाहीत.

दुभाषी

इथे पैसे वाचवू नका. गडहिंग्लज, निपाणी, चिकोडी, जत या पट्ट्यात घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलणारी हजारो माणसं आहेत, म्हणून दुभाषी सहज मिळेल असं वाटतं. पण बोलता येणं वेगळं आणि समोरच्याचा युक्तिवाद तंतोतंत पोचवणं वेगळं. निवडीसाठी सोपी चाचणी घ्या. दोन्ही भाषांतल्या व्याख्यानाचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे ऐकवा आणि लगेच दुसऱ्या भाषेत सांगायला लावा. तीन गोष्टी बघा: नावं आणि सालं बरोबर आली का, ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘काही बाबतीत’ असे शब्द टिकले का, आणि वाक्यांचा क्रम राहिला का. दुसरी गोष्ट सगळ्यांत जास्त गळते. वक्ता ‘बहुधा’ म्हणतो, दुभाषी ठाम विधान करतो, आणि समोरचा उसळतो.

दोन दुभाषी घ्या आणि दर 25-30 मिनिटांनी पाळी बदला. त्याहून जास्त वेळ एकच माणूस बोलत राहिला की तो सारांश सांगू लागतो. दुभाष्याने वक्त्याच्या जागी ‘मी’ म्हणूनच बोलायचं. ‘सर म्हणतात की’ अशी सुरुवात केली की दुभाषी स्वतःची छटा मिसळतो. वक्त्याने तीन-चार वाक्यांनंतर थांबायचं, म्हणजे साधारण एक मिनिट. दुभाष्याला दहा दिवस आधी 25-30 संज्ञांची यादी द्या आणि प्रत्येक संज्ञेला कोणता प्रतिशब्द वापरायचा ते दोन्ही बाजूंच्या एकेका अभ्यासकासमोर ठरवून घ्या. एखादीला प्रतिशब्दच नको असं ठरलं तर मूळ शब्द तसाच ठेवा.

आता वेळेचा हिशेब. बैठक अडीच तासांची, त्यात 15 मिनिटं चहा. उरली 135 मिनिटं. प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, म्हणून प्रत्यक्ष बोलण्याला उरतात 65 ते 70 मिनिटं. बारा माणसांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेपाच मिनिटं. या गणितानंतर बीजभाषण, स्वागतगीत, मान्यवरांचा परिचय यांना जागाच उरत नाही, आणि त्यांना फाटा द्यावा. परिचय छापून पाकिटात घाला. कुणी निबंध वाचणारच असेल तर मराठीत सावकाश वाचताना मिनिटाला 100च्या आसपास शब्द होतात. म्हणजे 20 मिनिटांच्या जागेत दुभाष्यासह 1000 शब्दांचाच निबंध बसतो. निबंध मागवतानाच हा आकडा कळवा.

साहित्याची बैठक: वचन आणि अभंग

पहिल्याच बैठकीसाठी याहून चांगला विषय सापडणं कठीण. दोन वचनं, म्हणजे बसवण्णांसारख्या लिंगायत संतांच्या (शरणांच्या) छोट्या कन्नड रचना, आणि दोन अभंग. कोल्हापूर भागात लिंगायत समाज मोठा आहे आणि पंढरीची वारी करणारी घरंही गावोगाव आहेत, त्यामुळे ऐकणाऱ्यांतही जिव्हाळा असतो.

प्रत्येक मजकुराला अर्धा तास द्या. पहिली दोन मिनिटं मूळ भाषेत मोठ्याने वाचन, तेही ती भाषा ज्याची आहे त्यानेच. वचन गायचं की वाचायचं, अभंग चालीवर म्हणायचा की नाही, हे आधी ठरवा. चालीवर म्हटलं तर ऐकणारे भारावतात आणि प्रश्न विचारायला संकोचतात, म्हणून पहिल्यांदा साधं वाचनच ठेवा. नंतर तीन मिनिटं शब्दशः अर्थ. मग पाच मिनिटं दुसऱ्या भाषेचा अभ्यासक बोलेल: त्याला काय कळलं आणि काय अडलं. हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. मूळ भाषेच्या तज्ज्ञाने आधी बोलायला सुरुवात केली की तो शिकवू लागतो आणि बाकीचे विद्यार्थी होतात. परक्या वाचकाने आधी बोललं की तज्ज्ञाला खरोखर नवीन काहीतरी ऐकायला मिळतं. उरलेली वीस मिनिटं खुली चर्चा.

चर्चेला धरून ठेवणारा एक मुद्दा मुद्रेचा, म्हणजे रचनेच्या शेवटी येणाऱ्या नावाच्या खुणेचा आहे. तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं, कवी आपलं नाव सांगतो. बसवण्णांच्या वचनात मात्र कूडलसंगमदेव येतो, अक्कमहादेवींच्या वचनात चन्नमल्लिकार्जुन, अल्लमप्रभूंच्या वचनात गुहेश्वर. म्हणजे वचनाच्या शेवटी कवीचं नाव येत नाही, ज्याला उद्देशून ते बोललं आहे त्या देवाचं येतं, आणि त्यावरून वचन कुणाचं ते ओळखलं जातं. या एका फरकावरून बोलणारा कोण, ऐकणारा कोण, श्रोते कुठे, असे प्रश्न आपोआप निघतात. त्या पानावरून बोट फिरवत, दोन्ही मुद्रा शेजारी ठेवून, टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला बोलता येतं. लिंगायत परंपरा किंवा वारकरी परंपरा यांवर आधी पुस्तकं वाचलेली असायची गरज नाही.

तीन चुका नेहमी होतात. पहिली: अभंगाचा नुसता क्रमांक देणं. गाथेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत क्रमांकही वेगळे आणि पाठही वेगळे. पहिली ओळ आणि आवृत्तीचं नाव दोन्ही लिहा. वचनांच्या संपादित संग्रहांनाही हाच नियम. दुसरी: साम्य दिसलं की प्रभाव जाहीर करणं. बसवण्णा बाराव्या शतकातले, ज्ञानदेव तेराव्या शतकातले, तुकोबा सतराव्या शतकातले. एकसारखी प्रतिमा दोन ठिकाणी सापडली तर ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली असेल, दोघांनी तिसरीकडून घेतली असेल, किंवा शेतीत आणि बाजारात वावरणाऱ्या माणसांना ती आपापली सुचली असेल. कोणती शक्यता, याचा पुरावा मागण्याची जबाबदारी संचालकाची. तिसरी: ‘आमचे संत’ आणि ‘तुमचे शरण’ अशी वाटणी. बोलणारा असं म्हणाला तर त्याला टोकू नका, त्याला समोरच्या भाषेतल्या एका ओळीवर बोट ठेवायला सांगा.

आधुनिक साहित्य घ्यायचं असेल तर 1973 आणि 1974 ही ज्ञानपीठाची लागोपाठची दोन वर्षं चांगली सुरुवात आहे. 1973च्या मानकऱ्यांत कन्नड कवी द. रा. बेंद्रे होते. त्यांची मातृभाषा मराठी, आणि सोलापूरच्या कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं अध्यापन केलं. 1974चं ज्ञानपीठ कोल्हापूरच्या वि. स. खांडेकरांना मिळालं. कविता आणि कादंबरी यांची सरळ तुलना करू नका. त्या दोघांनी आपापल्या वाचकाला कसं संबोधलं, एवढाच धागा घ्या.

इतिहासाची बैठक: दोन संस्थानं, दोन कागद

इथे शौर्यकथांची जोडी लावू नका. ती ऐकायला छान लागते आणि तिच्यातून कुणी काही शिकत नाही. त्यापेक्षा राज्यकारभाराचे कागद घ्या. 26 जुलै 1902 रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे मागासलेले, अशी त्यातली व्याख्या होती. म्हैसूर संस्थानात 1918 साली न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर समिती नेमली गेली. एका बाजूला राजाचा थेट हुकूम, दुसऱ्या बाजूला समिती, साक्षी, अहवाल. मागासलेला कोण हे कोणी ठरवलं, वगळलेल्यांची यादी केली की समाविष्टांची, टक्केवारी कशाची धरली: रिकाम्या जागांची की एकूण नोकरांची? हे प्रश्न कागद हातात घेऊन विचारले की दोन तास पुरत नाहीत. आणि चर्चा आजच्या आरक्षणावर घसरली तरी ती पुराव्याला धरून राहते.

नावांच्या पुढे सालं लिहायची सवय पाहुण्यांसाठी पाळाच. साताऱ्याचे शाहू छत्रपती 1682 ते 1749, कोल्हापूरचे शाहू छत्रपती 1874 ते 1922. इथल्या माणसाला संदर्भावरून कळतं, बाहेरच्याला कळत नाही. तेच कन्नड पाहुण्यांनी त्यांच्याकडच्या एकाच नावाच्या राजांबद्दल करावं अशी विनंती निमंत्रणातच लिहा.

तारखांचं एक पान छापून प्रत्येकाच्या पाकिटात घाला. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, पण तिथी जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळातली असेल तर 79 मिळवावे लागतात. ज्येष्ठ शुद्ध 13, शके 1596 म्हणजे जून 1674. फाल्गुन वद्य 3, शके 1551 म्हणजे 1630, 1629 नाही. मराठेशाहीच्या कागदांतल्या शुहूर सनात जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढे जूनच्या सुरुवातीच्या मृगापर्यंत 600 मिळवायचे, दख्खनी फसली या महसुली सनात तसेच 590 आणि 591. मोडी कागदात शुहूर सन अरबी संख्याशब्दांत असतो, इहिदे, इसन्ने, सलास असा, म्हणून आकडा अक्षरांतून काढावा लागतो. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे आपापसांत अडचण येत नाही. कन्नड पंचांगातला बहुळ म्हणजे आपला वद्य, एवढं सांगितलं की पुरे. उत्तरेकडचा अभ्यासक बसला असेल तर मात्र वद्य पक्षाच्या महिन्याचं नाव एकाने पुढे जातं, आपला फाल्गुन वद्य त्याचा चैत्र कृष्ण.

युरोपीय कागद मधे आले तर आणखी एक पायरी. इंग्रज 1752पर्यंत जुनी (ज्युलियन) कालगणना पाळत होते आणि त्यांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं. त्यामुळे इंग्रज वखारीच्या पत्रावर फेब्रुवारी 1673 असेल तर ते आपल्या हिशेबाने फेब्रुवारी 1674. पोर्तुगिजांनी नवी (ग्रेगोरियन) कालगणना सोळाव्या शतकातच घेतली होती, म्हणून सतराव्या शतकातल्या एकाच घटनेची गोव्याच्या कागदातली तारीख दहा दिवस पुढची दिसते. शिवजन्माची 19 फेब्रुवारी ही जुन्या गणनेची, नव्याने ती 1 मार्च. तारखांचा तंटा बैठकीत उपटला की आधी विचारा: कुठली गणना? अर्धे तंटे तिथेच मिटतात.

मूळ कागद बघायचे असतील तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात परवानगीचा अर्ज आधी द्यावा लागतो. पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि कोणते रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) हवेत याची नोंद सोबत जोडा.

चालू प्रश्न: महापूर आणि सीमा

चालू प्रश्नावर पहिल्या दोन बैठका होईपर्यंत जाऊच नका. माणसांनी एकमेकांबरोबर एखादा अभंग, एखादा हुकूम वाचलेला असला पाहिजे. मग आधी पुराचा विषय घ्या, नंतर सीमेचा.

पुराच्या चर्चेत निम्मा गोंधळ मोजमापांचा असतो. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत सांगतात: 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पातळी मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासून सांगतात: 519.60 मीटर, आणि वाद आहे तो ती 524.256 मीटरपर्यंत नेण्याचा. पहिला आकडा नदीवरच्या पट्टीवरचा, दुसरा समुद्रसपाटीवरचा. दोन्हींची थेट तुलना करता येत नाही, तरी ती सर्रास होते. शिवाय विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि साठा टीएमसीत (अब्ज घनफूट). 11,574 क्युसेक विसर्ग सलग 24 तास चालला की 1 टीएमसी पाणी जातं. एवढं एका पानावर दोन्ही भाषांत छापा आणि सुरुवातीला पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून एक उदाहरण सोडवा. घाटमाथ्यावरचा पाऊस, पूररेषेतली बांधकामं, वरच्या धरणांचे विसर्ग आणि अलमट्टीचा फुगवटा, या चारांपैकी कशाचा वाटा किती यावर मतभेद राहतील. ते मतभेद आकड्यांच्या गैरसमजातून आलेले नसतील, एवढी काळजी आपल्या हातात आहे.

सीमाप्रश्नासाठी बैठकीआधी दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाने मिळून एक कागद तयार करावा. डावीकडे दोघांना मान्य असलेल्या गोष्टी: 1 नोव्हेंबर 1956ची राज्यपुनर्रचना, 1966 साली नेमलेला महाजन आयोग, 1967चा अहवाल, महाराष्ट्राने तो नाकारला आणि कर्नाटकाने स्वीकारला हे, 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. उजवीकडे मान्य नसलेले तीनच मुद्दे. तीनपेक्षा जास्त लिहू देऊ नका, नाहीतर यादी करण्यातच सकाळ जाते. बैठकीत पहिल्या फेरीत प्रत्येकाने समोरच्या बाजूचं म्हणणं पाच वाक्यांत मांडायचं. समोरच्याने ‘हो, आमचं म्हणणं हेच’ असं म्हटल्याशिवाय स्वतःचं म्हणणं मांडायला पाळी मिळणार नाही. ही फेरी कंटाळवाणी वाटते आणि हमखास लांबते. तिला पाऊण तास द्या. तिच्याशिवाय दुसरी फेरी कामाची होत नाही.

बेळगाव की बेळगावी, यावर टेबलाशी वाद घालू नका. जो बोलतो त्याचा शब्द, आणि इतिवृत्तातही तोच. निमंत्रणपत्रिकेत मराठी बाजूला बेळगाव आणि कन्नड बाजूला बेळगावी छापा. ‘कानडी’ हा शब्द कोल्हापुरात सहज वापरला जातो, पण लेखी मजकुरात भाषेचं नाव कन्नड असंच ठेवा. महापुरुषांच्या नावांना दोन्हीकडचे आदराचे प्रत्यय सारखेच लावा. शिवाजी महाराजांबद्दल बहुवचन आणि बसवण्णा किंवा कित्तूरच्या चन्नम्मांबद्दल एकवचन झालं तर पाहुणा काही बोलणार नाही, पण त्याच्या मनात ते राहील.

संचालकाचं काम

संचालकाला दोन्ही भाषा समजायला हव्यात, बोलता एकच आली तरी चालेल. त्याच्याजवळ घड्याळ आणि एक कोरा कागद असावा, ज्यावर कोण किती वेळा बोललं त्याच्या रेघा मारत जावं. पहिला तास संपला की कागदाकडे बघून गप्प बसलेल्यांना नावाने विचारावं, तेही ‘आपलं मत काय’ असं न विचारता ‘या ओळीत तुम्हाला काय दिसतं’ असं.

घसरण ओळखायची खूण सोपी आहे: दहा मिनिटांत कुणीही समोरच्या पानाकडे बघितलं नाही. अशा वेळी कुणाला गप्प न करता पान हातात घ्या, एक ओळ मूळ भाषेत पुन्हा वाचून घ्या, आणि तिथून पुढे चला. ज्येष्ठ माणूस लांबण लावतो तेव्हाही हाच उपाय चालतो. चिठ्ठी पाठवणं त्याला अपमानास्पद वाटतं, मजकूर वाचणं वाटत नाही.

चहा 75 मिनिटांनंतर. जेवणाबद्दल निमंत्रण देतानाच विचारा. सीमाभागातले अनेक पाहुणे लिंगायत किंवा जैन असतात: कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणी सूर्यास्तानंतर जेवत नाही. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ठेवायचाच असेल तर शाकाहारी पंगत वेगळ्या खोलीत आणि भांडी वेगळी.

खिद्रापूरची अर्धा दिवसाची बैठक

दुसरा दिवस असेल तर पाहुण्यांना शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी खिद्रापूरला न्या. कोल्हापूरच्या शिलाहार राजघराण्याचे शिलालेख संस्कृत आणि कन्नड दोन्हींत आहेत. कोपेश्वर मंदिरात कन्नड लेख आहेत आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा यादव राजा सिंघणाचा संस्कृत लेखही आहे. कन्नड अभ्यासकाने कन्नड लेख वाचावा आणि मराठी अभ्यासकाने संस्कृत लेख. दोघं एकाच भिंतीसमोर उभे राहून एकमेकांना वाचून दाखवतात तेव्हा जी चर्चा होते ती टेबलाशी होत नाही.

सकाळी आठ ते दहा किंवा दुपारी चारनंतर जा. ऊन तिरपं असलं की अक्षरांच्या खोबणीत सावली पडते आणि लेख उठून दिसतो. दुपारी बाराला तोच दगड सपाट दिसतो. ढगाळ हवा असेल तर टॉर्च बाजूने, दगडाला जवळपास समांतर धरा. अक्षरांवर खडू, पावडर, पाणी काहीही लावू नका. मंदिर संरक्षित आहे, ठसे घ्यायला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी ठेवा आणि ओळीओळीचे फोटो एकमेकांवर थोडे चढतील असे काढा. छापील वाचन सोबत न्या, पण ते शेवटी उघडा. आधी दोघांनी मिळून जेवढं वाचता येईल तेवढं वाचावं, जिथे अक्षर झिजलंय तिथे चौकटी कंसात टिंबं लिहावीत.

बैठकीनंतर

ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर करा, एक टेबलाच्या मध्यभागी आणि एक दुभाष्याजवळ. सुरुवातीलाच सगळ्यांची संमती घ्या आणि एक नियम सांगा: इथे झालेलं बोलणं नावानिशी बाहेर छापायचं असेल तर बोलणाऱ्याला आधी दाखवायचं. चालू प्रश्नांच्या बैठकीला हा नियम नसेल तर लोक मोकळं बोलत नाहीत.

इतिवृत्त दोन भाषांत, पण एकाचं भाषांतर दुसऱ्यात करू नका. दोन लेखनिक ठेवा, दोघांनी ऐकलं तसं लिहावं आणि आठ दिवसांत एकमेकांना दाखवावं. जिथे दोन टिपणं जुळत नाहीत तिथे ध्वनिमुद्रण ऐका. बहुतेक ठिकाणी दुभाष्याकडून काहीतरी निसटलेलं सापडेल. ती जागा पुढच्या वेळच्या संज्ञांच्या यादीत घाला. भाषांतरकाराचं आणि दुभाष्याचं मानधन त्याच दिवशी द्या आणि पुस्तिकेवर त्यांचं नाव अभ्यासकांच्या बरोबरीने छापा. पुस्तिका 40-50 पानांची पुरते: चारही रूपांतले मजकूर, दोन्ही इतिवृत्तं, न सुटलेले प्रश्न. एक प्रत कोल्हापूरच्या ग्रंथालयात आणि एक पाहुण्यांच्या गावच्या ग्रंथालयात द्या. न सुटलेल्या प्रश्नांतून पुढचे दोन मजकूर निवडायचं काम पाहुण्यांकडे सोपवा, म्हणजे पुढची बैठक त्यांच्या गावी भरेल.